ताजमहाल: मानसिंहाची हवेली, काळा ताज आणि बादशाहनाम्याचे ४०३वे पान

मोडीवाचक (धागाकर्ता)

ताजमहालाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका बाजूला पु. ना. ओकांचे ‘तेजोमहालय’, म्हणजे ताज हे मुळात शिवमंदिर होते हा दावा, दुसऱ्या बाजूला गाइडच्या तोंडून ऐकलेला काळा ताज आणि कारागिरांचे कापलेले हात. ओकांना खोडून काढणारे अनेकजण हात कापल्याची गोष्ट मात्र पुराव्याशिवाय मान्य करतात. आणि हात कापल्याला पुरावा मागणारे ओकांकडे तो मागत नाहीत. मला वाटते, दोन्हींना एकच माप लावले पाहिजे: त्या काळात, त्या जागी असलेल्या, ज्याला माहिती असण्याचे कारण होते अशा माणसाने काय लिहून ठेवले आहे?

आधी घटनाक्रम. अर्जुमंद बानू, म्हणजे मुमताज महल, १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली. खानजहान लोदीच्या बंडासाठी शाहजहान तेव्हा दख्खनेत होता. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले. सहा महिन्यांनी, डिसेंबर १६३१ मध्ये, शाहजादा शुजा तिचे शव घेऊन आग्र्याला निघाला आणि जानेवारी १६३२ मध्ये ते तिथे पोचले.

आता ते पान. अब्दुल हमीद लाहोरी हा शाहजहानचा दरबारी इतिहासकार. त्याच्या बादशाहनाम्याच्या छापील प्रतीतले पहिल्या खंडाचे ४०३वे पान हा ओकांच्या मांडणीचा मुख्य आधार आहे. त्यात स्वच्छ लिहिले आहे, की शहराच्या दक्षिणेला जी जागा निवडली तिथे पूर्वी (आमेरच्या) राजा मानसिंहाची ‘मंझिल’ (हवेली) होती आणि ती आता त्याचा नातू राजा जयसिंह याच्याकडे होती. (नात्याने जयसिंह मानसिंहाचा पणतू.) जागा फुकट द्यायला जयसिंह तयार होता, पण धर्मकार्यात काटेकोर असावे म्हणून बादशाहने मोबदल्यात खालशातली (सरकारी मालकीची) मोठी वास्तू त्याला दिली. हे सगळे खरे आहे. ताजच्या जागी आधी हिंदू राजाची वास्तू होती हे सांगणारा माणूस खुद्द मोगलांचा इतिहासकार आहे. ते कोणी लपवलेले नाही.

ओक इथे थांबतात आणि म्हणतात, म्हणजे मानसिंहाचा महालच ताब्यात घेऊन त्यात मुमताजला पुरले. पण मजकूर इथे थांबत नाही. पुढच्याच ओळींत शव मातीत ठेवल्याचे, वर आडोसा केल्याचे, आणि मग भव्य इमारतीचा व उंच घुमटाचा पाया घातल्याचे येते. स्थापत्यकारांनी खर्चाचा अंदाज ४० लाख रुपये काढला हेही तिथेच आहे. तयार महालात दफन करायचे असेल तर पाया कशाचा आणि ४० लाखांचे अंदाजपत्रक कशाचे? याच ग्रंथात पुढे, फेब्रुवारी १६४३ मधल्या बाराव्या उरुसाच्या वेळी, संपूर्ण परिसराचे तपशीलवार वर्णन आहे. पाणी लागेपर्यंत पाया खणल्यापासून ते संगमरवरापर्यंत, आणि एकूण खर्च ५० लाख.

दरबारी इतिहासकार धन्याची स्तुतीच करणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसऱ्या बाजूचे कागद बघू, ज्याची जागा गेली त्या जयसिंहाकडचे. आमेर-जयपूरच्या दफ्तरात शाहजहानने जयसिंहाला पाठवलेली फर्माने आहेत. २८ डिसेंबर १६३३ च्या फर्मानात जागेच्या बदल्यात आग्र्यातल्या चार हवेल्या त्याला दिल्याची नोंद आहे. १६३२ ते १६३७ दरम्यानच्या इतर फर्मानांत मकराण्याचा संगमरवर वाहायला गाडे पुरव, दगडफोडे आमेरला अडकवून ठेवू नकोस, आग्र्याला पाठव, असे हुकूम आहेत. ही पत्रे कोणाला दाखवायला लिहिलेली नाहीत. गाडे, मजूर आणि दगड यांची ती रोजची कटकट आहे. उभ्या देवळावर कबर बसवायला मकराण्याहून वर्षानुवर्षे गाड्यांच्या रांगा लागत नाहीत.

मराठी वाचकासाठी यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हा जयसिंह म्हणजे आपला मिर्झाराजे, ज्याच्याशी १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराज १२ मे १६६६ ला आग्र्याच्या दरबारात गेले आणि ऑगस्टमध्ये निसटले, त्या सबंध प्रसंगाचे सर्वांत जवळचे वर्णन आपल्याला कुठून मिळते? आमेरच्याच माणसांच्या पत्रांतून. परकालदासाने कल्याणदासाला आग्र्याहून लिहिलेली, जदुनाथ सरकारांनी जयपूर दफ्तरातून उजेडात आणलेली राजस्थानी पत्रे. महाराज भर दरबारात कसे संतापले, जयसिंहाचा मुलगा रामसिंहाने कशी समजूत घातली, हे आपण त्या पत्रांवरून अभिमानाने सांगतो. त्याच घराण्याच्या दफ्तरातली हवेलीची नोंद मात्र बनावट म्हणायची, हे मला पटत नाही.

तिसरा साक्षीदार परका आहे. पीटर मंडी हा इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, १६३१ ते १६३३ मध्ये आग्र्यात होता. बादशहा आपल्या राणीची कबर बांधतो आहे, काम प्रचंड खर्चाने आणि झपाट्याने चालू आहे, सोने-चांदी साध्या धातूसारखी आणि संगमरवर साध्या दगडासारखा वापरला जातो आहे, असे तो लिहितो. कबरीभोवती सोन्याचा कठडाही त्याने नोंदवला आहे.

म्हणजे दरबार, राजपूत आणि इंग्रज. तिघांचे हितसंबंध वेगळे, आणि तिघेही बांधकामाबद्दलच बोलतात.

आता हेच माप गाइडच्या गोष्टींना लावतो.

काळ्या ताजचा उगम तावर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याच्या प्रवासवर्णनात आहे. शाहजहानने नदीपलीकडे स्वतःची कबर बांधायला घेतली, पण मुलांच्या लढायांमुळे राहून गेली, असे तो म्हणतो. हा तावर्निए ताजचे काम सुरू होताना आणि पुरे होताना आपण पाहिले असेही सांगतो, पण १६३२ साली तो हिंदुस्थानात नव्हता. शाळेत पाठ केलेले ‘२०,००० मजूर, २२ वर्षे’ हे आकडेही त्याचेच. पलीकडच्या मेहताब बागेत १९९० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. मिळाला तो मोठा अष्टकोनी हौद, कारंज्यांची जागा आणि बागेची आखणी. कबरीचा पाया मिळाला नाही. चांदण्यात ताजचे प्रतिबिंब पाण्यात पाहायची ती जागा होती.

शाहजहानची कबर मधोमध नाही, म्हणून ती तिथे ठरलेली नव्हती, असा युक्तिवाद करतात. त्यांनी यमुनेच्या पलीकडच्या काठावरची इतिमाद-उद-दौलाची कबर पाहावी. तिथे मध्यभागी पत्नी अस्मत बेगम आहे, कारण ती आधी गेली. नवरा तिच्या बाजूला आहे. ते मुमताजचे आजी-आजोबा.

आणि कापलेले हात. समकालीन फारसी, राजस्थानी, युरोपीय, कोणत्याही कागदात हे नाही. असते तर युरोपीय प्रवाशांनी ते मीठमसाला लावून लिहिले असते. उलट जे लोक माहीत आहेत त्यांचे पुढे काय झाले ते पाहा. ज्याला मुख्य स्थापत्यकार मानतात तो उस्ताद अहमद लाहोरी १६३९ साली दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या पायाभरणीला हजर होता आणि १६४९ मध्ये वारला. कुराणातली वचने कोरणाऱ्या अमानत खान शिराझीने ताजवर आपली सही केली आहे, सालासकट. एवढ्या मोठ्या इमारतीवर सही करायला मिळालेला तो एकच माणूस. पुढे त्याने पंजाबात अमृतसरच्या बाजूला सराई बांधली, ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. बादशहाला नवी राजधानी वसवायची होती. आपले सर्वोत्तम हात तो तोडेल कशाला?

चर्चा व्हावी. शक्यतो कोणी काय लिहिले यावर व्हावी.

---

तापीकाठ

लेख आवडला. मी रावेरकडचा, आमच्यासाठी बऱ्हाणपूर म्हणजे सख्खे शेजारगाव. बाजारहाट, सोयरीक, सगळे तिकडे. झैनाबादला आहुखाना आहे, म्हणजे मोगलांचे शिकारीचे, हरणांचे उद्यान. तिथली बारादरी पडीक अवस्थेत आहे आणि मुमताजची पहिली कबर म्हणून तिथली जागा दाखवतात. एवढ्या मोठ्या गोष्टीची सुरुवात तिथे झाली, पण आग्र्याला जाणाऱ्या लाखो लोकांपैकी फार थोडे तिकडे वळतात, याचे वाईट वाटते.

आमच्याकडे सगळे छातीठोकपणे सांगतात, की ताज तापीकाठीच व्हायचा होता, पण माती भुसभुशीत निघाली, वाळवी लागली, म्हणून आग्र्याला नेला. हेही तुमच्या मापाने मोजावे.

---

मोडीवाचक

@तापीकाठ, बादशाहनाम्यात झैनाबादचे दफन तात्पुरते, ‘अमानत’ म्हणून केल्याचे सांगितले आहे. मृत्यूनंतर सहा महिन्यांत शव हलले आणि त्याच सुमारास आग्र्यातली जागा ठरली. तापीकाठी पाया खणून पाहिल्याचा उल्लेख नाही. आग्र्याची निवड समजण्यासारखी आहे: राजधानी तिथे, यमुनेचा जलमार्ग तिथे, मकराणा त्या मानाने जवळ. शिवाय यमुनेच्या दोन्ही काठांवर सरदारांच्या बागा आणि हवेल्यांची अखंड रांग होती, किल्ल्यातून दिसणारी. मानसिंहाची मंझिल त्याच रांगेतली एक.

---

सत्यशोध_८२

धागा अभ्यासू आहे, पण मला पटलेला नाही. ओकांना आपल्याकडे नेहमी हसण्यावारी नेले जाते. तो माणूस आझाद हिंद सेनेत होता, आयुष्यभर पदरमोड करून लिहीत राहिला. त्यांचे मुद्दे तुम्ही टाळले आहेत. एक, ताजच्या दरवाजाच्या लाकडाची अमेरिकेत कार्बन चाचणी झाली आणि वय शाहजहानच्या आधीचे निघाले. दोन, १६५२ साली औरंगजेब लिहितो की घुमट गळतो. नवी इमारत दहा वर्षांत गळते का? तीन, तळघरातल्या २२ खोल्या बंद का? चार, परमार्दिदेव या चंदेल राजाच्या शिलालेखात शुभ्र शिवमंदिराचा उल्लेख आहे. आणि तुमचे तिन्ही साक्षीदार सत्तेच्या छायेतलेच. जयसिंह मोगलांचा मनसबदार होता, तो काय विरोधात लिहिणार?

---

मोडीवाचक

@सत्यशोध_८२, ओकांना मी हसत नाही. त्यांच्यामुळे निदान लोकांनी ४०३वे पान उघडले. मुद्द्यांवर येतो.

कार्बन चाचणी: १९७० च्या दशकात ईशान्येकडच्या एका दरवाजाच्या लाकडाचा तुकडा तपासला गेला आणि काळ आला १३५९, त्यात ८९ वर्षे मागेपुढे. ही चाचणी झाड कधी वाढत होते ते सांगते, दरवाजा कधी बसवला ते नाही. इमारतीचे वय तर नाहीच. जुन्या वाड्यांचे सागवान नव्या घराला वापरायची रीत आपल्याकडेही आहे. शिवाय एक नमुना. आणि हा आकडा खरा धरला तरी तो ओकांना मदत करत नाही. १९६५ मध्ये त्यांनी चौथ्या शतकातला राजपूत महाल सांगितला, नंतर ११५५ सालचे शिवमंदिर सांगितले. १३५९ यातल्या कशाशीच जुळत नाही.

औरंगजेबाचे पत्र: हे ओकांनी पुढे आणलेले सर्वांत चांगले कागदपत्र आहे आणि ते मुळापासून वाचावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. डिसेंबर १६५२ मध्ये औरंगजेब दख्खनेकडे येताना आग्र्याला थांबला होता. तो बापाला लिहितो, की पावसाळ्यात मुख्य घुमट उत्तरेच्या बाजूने दोन ठिकाणी गळला, चार कमानी, वरच्या मजल्याचे सज्जे आणि छोटे घुमटही ओलावले, मेहताब बाग पाण्याखाली गेली. नवीन इमारत गळत नाही हे गृहीतक कोणी केले? ज्याने नवे घर बांधले आहे त्याला पहिल्या दोन-चार पावसाळ्यांचा अनुभव असतोच. आणि पत्र कोणाला आहे ते पाहा. मुलगा बापाला त्याने बांधलेल्या इमारतीची तक्रार करतो आहे. या गळतीवरच बहुधा ‘हात कापलेल्या कारागिराने घुमटात मुद्दाम भोक ठेवले’ ही गाइडची गोष्ट पोसली गेली.

परमार्दिदेवाचा शिलालेख: तो आग्र्यात नव्हे, बटेश्वरला सापडला, यमुनेच्याच काठी पण आग्र्यापासून ७० किलोमीटरच्या आसपास. विक्रम संवत १२५२, म्हणजे इसवी सन ११९५. त्यात विष्णू आणि शिव यांची मंदिरे बांधल्याचे आहे. बटेश्वर आजही शिवमंदिरांच्या रांगेसाठी प्रसिद्ध तीर्थ आहे. तिथल्या लेखातले मंदिर तिथे शोधायचे सोडून आग्र्यात का शोधायचे?

आणि जयसिंह मनसबदार होता हे खरे. पण त्याच्या घराण्याला देवळांचे वावडे नव्हते. मानसिंहाने १५९० मध्ये वृंदावनात गोविंददेवाचे प्रचंड मंदिर उभे केले, तेही बादशाही आमदानीत, आणि त्याचे शिलालेख आहेत. जो देवळे बांधून नोंदी ठेवतो, त्याच्या ताब्यात आग्र्याला संगमरवरी शिवालय असते तर कछवाह्यांच्या (याच घराण्याच्या) एखाद्या कागदात, एखाद्या भाटाच्या कवितेत ते आलेच असते.

---

दगडमाती

खोल्यांबद्दल लिहितो, कारण त्यावर सर्वांत जास्त अफवा आहेत. मी वारसा-जतनाच्या क्षेत्रात काम करतो.

ताज नदीकाठच्या उंच चौथऱ्यावर आहे. नदीच्या बाजूने त्या चौथऱ्याच्या पोटात खोल्या आणि त्यांना जोडणारा बोळ आहे. मोगल महालांत अशी नदीकाठची तहखाने ठिकठिकाणी आहेत, आग्र्याच्या किल्ल्यातही आहेत. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून त्यांना नदीकडे उघडणाऱ्या कमानी असत. बादशहा ताजला नावेने यायचा, त्यामुळे ही बाजू तेव्हा मागची नसून पुढची होती. नंतर कमानी बुजवल्या गेल्या. एबा कोख या वास्तुइतिहासकार बाईंनी या भागासकट सगळ्या परिसराची मोजमापे घेऊन नकाशे छापले आहेत. पुरातत्त्व खात्याचे लोक तिथे देखभालीला जातातच. २०२२ मध्ये खात्याने दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे फोटोही प्रसिद्ध केले. ओल, पडलेला गिलावा, चुन्याचे काम. गर्दी आत सोडत नाहीत ती चौथऱ्याच्या सुरक्षिततेसाठी. कुठल्याही मोठ्या स्मारकात मुख्य भाराखालची जागा पर्यटकांना बंदच ठेवतात, आणि ठेवावी.

कोर्टाचेही सांगून टाकतो. ओकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली. मंदिर असल्याचा पुरावा नाही हे केंद्राच्या संस्कृतीमंत्र्यांनी २०१५ मध्ये लोकसभेत सांगितले. २०१७ मध्ये पुरातत्त्व खात्याने आग्र्याच्या न्यायालयात ही कबरच असल्याचे म्हणणे दिले. खोल्या उघडण्याची याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने १२ मे २०२२ रोजी फेटाळली. अर्थात, इतिहास कोर्टात ठरत नाही, हे मीही मानतो.

---

पाणचक्कीजवळ

महाराष्ट्रातला एक पुरावा कोणीच मांडला नाही. आमच्या संभाजीनगरचा बीबी का मकबरा.

ताजची गरीब नक्कल म्हणून त्याची हेटाळणी होते. लोक येतात, फोटो काढतात, नाक मुरडतात. याचा मला नेहमी त्रास होतो. औरंगजेबाची बायको दिलरास बानू १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. इथल्या शिलालेखात स्थापत्यकार अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत. हा अताउल्ला म्हणजे उस्ताद अहमद लाहोरीचाच मुलगा! खर्च सुमारे ६ लाख ६८ हजार रुपये. म्हणून संगमरवर खालच्या भागात आणि घुमटाला, बाकी आपला काळा दगड आणि वर गिलावा.

आता विचार करा. ताज जर जुने मंदिर असेल, तर बाप कशाचा स्थापत्यकार होता? त्याचा मुलगा पंचवीसेक वर्षांनी दख्खनेत येऊन तोच चौथरा, तेच चार मिनार, तीच चारबाग बांधतो. विद्या घरात होती. मागे जाऊन पाहिले तर दिल्लीत हुमायूनची कबर, मग खानखानानची, मग इतिमाद-उद-दौलाची पच्चीकारी, म्हणजे संगमरवरातली रंगीत दगडांची जडणघडण. ताजच्या आधीची आणि नंतरची पावले सगळी दिसतात.

इथला गाइडही एक गोष्ट सांगतो, की मकबरा आझमशहाने आईसाठी बांधला. आझमचा जन्म १६५३ चा. शिलालेखावरचे साल १६६०-६१ च्या सुमाराचे आहे. सात-आठ वर्षांचा मुलगा! पुढे मोठेपणी त्याने डागडुजी केली असेल, बांधवला औरंगजेबाने.

---

शिंदेशाही

पाणचक्कीजवळ, उत्तम प्रतिसाद. माझी भर मराठी बाजूने.

१७६१ मध्ये सूरजमल जाटाने आग्रा घेतले. ताजचे चांदीचे दरवाजे जाटांनी नेल्याचे सांगतात. १७८५ मध्ये आग्र्याचा किल्ला महादजी शिंद्यांकडे आला. इस्माईल बेगने १७८७-८८ मध्ये वेढा घातला तेव्हा लखबा दादा लाडांनी तो महिनोन्‌महिने झुंजवला. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती लेकने जिंकेपर्यंत आग्रा मराठ्यांकडे होते. जवळजवळ अठरा वर्षे.

ही माणसे धर्माबाबत उदासीन होती का? मुळीच नाही. नानासाहेब पेशव्यांची पत्रे काशी-प्रयाग हाती यावीत या तळमळीने भरलेली आहेत. महादजींची मथुरा-वृंदावनावरची भक्ती सर्वज्ञात आहे, शाहआलमकडून त्यांनी गोहत्याबंदीचे फर्मान मिळवले. ताज हे हिरावलेले शिवालय आहे अशी नुसती कुजबुज जरी ब्रजभूमीत असती, तर ती महादजींच्या कानावर पडली नसती? किल्ला त्यांचा, फौज त्यांची, बादशहा त्यांच्या शब्दात. तरी ताज देऊळ म्हणून परत मागितल्याचा एकही मराठी कागद आजवर पुढे आलेला नाही. ओकांनीही दिलेला नाही. माझ्यासाठी हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे.

---

नुसते_वाचन

+१. अवांतर प्रश्न: लॉर्ड बेंटिंक ताज पाडून संगमरवराचा लिलाव करणार होता असे वाचले होते. आणि ताजचा स्थापत्यकार इटालियन होता असेही.

---

मोडीवाचक

@नुसते_वाचन, दोन्हींची मुळे सापडतात. बेंटिंक १८२८ ते १८३५ गव्हर्नर जनरल होता. आग्र्याच्या किल्ल्यातल्या हमामाचा निघालेला संगमरवर विकला गेला, त्यावरून ताजच विकायला काढल्याची आवई उठली असे त्याचे चरित्रकार दाखवतात. हमामाची नासधूस हाच मुळात मोठा गुन्हा होता, त्याला ताजची जोड देण्याची गरज नाही.

इटालियनची गोष्ट मान्रिके या पाद्र्याची. तो १६४०-४१ मध्ये आग्र्यात होता आणि जेरोनिमो वेरोनेओ या व्हेनिसच्या माणसाला श्रेय देतो. वेरोनेओ खरा माणूस, त्याची कबरही आग्र्यात ख्रिस्ती दफनभूमीत आहे. पण त्याच्या आराखड्याबद्दल मान्रिकेखेरीज कोणी बोलत नाही. उलट अहमद लाहोरीचा दुसरा मुलगा लुत्फुल्ला हा आपल्या काव्यात, ताज आणि लाल किल्ला वडिलांनी बांधल्याचे लिहितो. मुलाचा शब्द म्हणून तोही सावधपणे घ्यावा, पण इमारतीत युरोपीय हाताची आखणी दिसत नाही आणि हुमायूनच्या कबरीपासूनची परंपरा ढळढळीत दिसते.

@शिंदेशाही, हा मुद्दा मूळ लेखात असायला हवा इतका चांगला आहे.

---

सत्यशोध_८२

महादजींचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे, हे मान्य करतो. तरी मी मागे हटत नाही. मानसिंहाची वास्तू होती हे तुम्हीच म्हणता. मग ती पूर्ण पाडली, की तिच्या भिंती, पाया आजच्या चौथऱ्यात आहेत? कागद याबद्दल गप्प आहेत. लाकडाच्या एका ढलपीवर वाद घालण्यापेक्षा विटांची थर्मोल्युमिनेसन्स चाचणी सरकारने का करू नये? वीट कधी भाजली तेवढे तरी कळेल.

---

मोडीवाचक

@सत्यशोध_८२, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, स्मारकाला धक्का न लावता होत असेल तर. चौथऱ्याच्या गाभ्यात वीटकाम भरपूर आहे, त्यामुळे नमुने अवघड नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणचे अनेक घ्यावेत, निकाल पूर्ण छापावेत, आणि निकाल येण्याआधीच आपण दोघांनी काय अपेक्षित आहे ते इथे लिहून ठेवावे.

माझे लिहितो. बहुतेक विटा १६३० च्या दशकातल्या निघतील. काही थोड्या सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या किंवा मानसिंह वारला त्या १६१४ च्या आधीच्या निघाल्या, तर ती लाहोरीने सांगितलेली मंझिल, आणि मला आनंदच होईल, कारण आग्र्याच्या नदीकाठच्या त्या हवेल्यांपैकी फार थोड्या उरल्या आहेत. बाराव्या शतकातले वीटकाम सलग, चौथऱ्याच्या रचनेचा भाग म्हणून मिळाले, तर मात्र माझी मांडणी कोसळते.

तुमचे लिहा.